घरकुलाच्या भिंतीवर लग्नाचा चौक : पीठ का गळतं, टिकवायचं कसं?

डहाणू : भाताची झोडणी आटोपली की पाड्यापाड्यांवर लग्नाची बोलणी सुरू होतात. वारली घरातलं लग्न म्हटलं की आतल्या भिंतीवर चौक हवाच. सवाशिणी चौक लिहितात, धवलेरी लग्न लावते. चौकाशिवाय लग्न लागलं असं कुणी म्हणत नाही. हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

पण आता घरं बदलली. प्रधानमंत्री आवास योजना, शबरी घरकुल योजना यातून कुडाच्या जागी विटा-सिमेंटची घरं उभी राहिली. पाऊस आत येत नाही, उंदीर-घुशी भिंत पोखरत नाहीत, दरवर्षी भिंत लिंपायची कटकट नाही. सगळं चांगलं झालं. फक्त एक अडचण आली. नव्या गुळगुळीत भिंतीवर तांदळाचं पीठ धरत नाही. ओलं असताना ओघळतं आणि वाळल्यावर पापुद्रा होऊन गळतं. मग कुणी बाजारातून छापील स्टिकर आणून चिकटवतं, कुणी पेंटरला बोलावून ऑइल पेंटात चौक काढून घेतं. सवाशिणींच्या हाताला कामच उरत नाही. आणि काम उरलं नाही की पुढच्या पोरींना ते येणार कुठून?

ही अडचण सुटण्यासारखी आहे. त्यासाठी भिंत समजून घ्यावी लागते.

चौक म्हणजे नक्की काय?

वारली चित्र म्हटलं की बाहेरच्या माणसाला तारपा नाच आठवतो. पण या चित्राचं मूळ लग्नाच्या चौकात आहे. चौक म्हणजे चौकोन. त्याच्या चारही बाजूंना नक्षीच्या पट्ट्या असतात, साखळीच्या, जाळीच्या, दातेरी. मधोमध पालघट देवी. पालघट म्हणजे झाडापानांची, पिकाची, लेकरांची देवी. शेजारी पंचशिऱ्या देवाचा लहान चौक काढतात. आतबाहेर सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं, घोड्यावरचे नवरा-नवरी, वाजंत्री असं सगळं येतं.

आकार बघितले तर तीनच. गोल, त्रिकोण आणि चौकोन. गोल सूर्य-चंद्राचा, त्रिकोण डोंगराचा आणि झाडाच्या शेंड्याचा असं सांगतात. चौकोन मात्र रानात कुठे दिसत नाही, तो माणसाने आखलेला. देवाला बसायला आखलेली जागा म्हणजे चौक. माणूससुद्धा दोन त्रिकोणांचा. वरचा उलटा, खालचा सुलटा, दोघांची टोकं कमरेला जुळलेली, वर डोक्याचा गोल. बाईच्या डोक्याला अंबाड्याचा आणखी एक छोटा गोल.

रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. मागची भिंत गेरूची तांबडी नाहीतर शेणा-मातीची.

कुडावर टिकायचं, सिमेंटवर का नाही?

कुडाची भिंत कारवीच्या काठ्यांची. त्यावर माती आणि शेणाचा लेप. ही भिंत खरखरीत असते आणि पाणी पिते. पिठाचं पाणी भिंतीत मुरतं, पीठ वर राहतं. तांदळात चिकटपणा असतो, तो वाळताना मातीच्या कणांना धरून ठेवतो. म्हणजे कुडावर पीठ नुसतं वर बसत नाही, थोडं आत रुजतं.

सिमेंटच्या भिंतीवर पुट्टी मारली, वर डिस्टेंपर दिला की भिंतीची तोंडं बंद होतात. पाणी आत जात नाही, पीठ वरच्यावर सुकतं. सुकताना आकसतं आणि सुटतं. ऑइल पेंट असेल तर अजून कठीण, पिठाचे थेंब अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखे घरंगळतात.

दुसरं कारण ओल. नव्या प्लास्टरमध्ये पाणी अडकलेलं असतं. ते बाहेर येताना खार घेऊन येतं. भिंतीवर पांढरी भुकटी येते, तिला आपण लोणा लागला म्हणतो. लोण्यावर काहीही रंगवलं तरी ते लोण्यासकट निघून येतं. पिठाचा दोष नसतो, ओलीचा असतो.

आधी भिंत तपासा

चौक लिहायच्या निदान आठ दिवस आधी चार साध्या गोष्टी करून बघा. पैसे लागत नाहीत.

पहिली, पाण्याचे थेंब. बोटाने भिंतीवर दोन-चार थेंब उडवा. मिनिटभरात मुरले तर भिंत पाणी पिते, पीठ धरेल. तसेच राहिले किंवा ओघळले तर भिंत बंद आहे.

दुसरी, तळहात. कोरडा हात भिंतीवर जोरात घासा. हाताला पांढरं लागलं तर चुना किंवा डिस्टेंपर सुटा झालाय. तो काढल्याशिवाय वर काही करू नका.

तिसरी, चिकटपट्टी. भिंतीवर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंगाचे पापुद्रे तिच्याबरोबर आले तर जुना रंगच कच्चा आहे.

चौथी, प्लास्टिक. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर भिंतीत ओल आहे. ओल असताना काम सुरू करू नका. नवं प्लास्टर असेल तर पाणी मारणं बंद केल्यावर महिनाभर तरी सुकू द्या. पावसाळ्यात झालेल्या प्लास्टरला जास्त वेळ लागतो.

छतातून किंवा संडास-मोरीच्या बाजूने पाणी झिरपत असेल तर आधी ते बंद करा. नाहीतर कितीही चांगला रंग लावा, पहिल्या पावसात जाईल.

भिंत तीन प्रकारची, तयारी तीन प्रकारची

कोरं प्लास्टर असेल तर सगळ्यात सोपं. लोणा असेल तर कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पाण्याने धुतलं तर लोणा पुन्हा भिंतीतच मुरतो. मग ओल्या फडक्याने हलकं पुसा आणि गेरूचा हात द्या.

चुना किंवा साधा डिस्टेंपर असेल तर चौकाची जागा पत्र्याने खरवडून काढा. खालचं प्लास्टर दिसलं तरी चालेल, उलट बरंच. मग झाडा, पुसा, सुकू द्या.

ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर जाड पॉलिश पेपरने घासून चमक पूर्ण घालवावी लागते. घासताना तोंडाला ओला रुमाल बांधा, लहान पोरांना त्या खोलीत ठेवू नका. जुन्या ऑइल पेंटात शिसं असू शकतं, त्याची धूळ पोटात जाणं वाईट. एवढं करूनही पीठ पूर्ण धरेल याची खात्री नसते. म्हणून एका कोपऱ्यात वीतभर जागेवर आधी करून बघा.

सगळ्यात चांगला उपाय घर बांधतानाच करता येतो. घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचं. त्यात भिंती मोजक्याच. खिडकी, दरवाजा, लाइटचा बोर्ड, टीव्ही यात जागा वाटली जाते आणि चौकाची आठवण लग्नाच्या आठ दिवस आधी येते. त्यापेक्षा गवंड्याला आधीच सांगा की आतल्या या भिंतीवर पाच फूट बाय पाच फूट जागा खरखरीत ठेव, पुट्टी मारू नको, रंग देऊ नको, इथून वायर नेऊ नको. गवंड्याला यात जास्तीचं काम नाही. घरात पुढे जेवढी लग्नं होतील तेवढ्यांना ती जागा कामी येईल.

गेरू कसा कालवायचा

गेरूच्या रंगात लोखंडाचा अंश असतो. सिमेंटच्या खाराने तो बिघडत नाही आणि उजेडाने उडत नाही. म्हणून सिमेंटच्या भिंतीलाही तो चालतो. फक्त नुसत्या पाण्यात कालवला तर वाळल्यावर हाताला लागतो, त्याला धरून ठेवायला काहीतरी हवं.

बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक रात्रभर भिजत घाला आणि सकाळी गाळून घ्या. डिंक नसेल तर फेविकॉल थोडा पाण्यात सैल करून घ्या. गेरू चाळा, पाण्यात कालवा, मग डिंकाचं पाणी थोडं थोडं घाला. दाटपणा घट्ट ताकाएवढा ठेवा.

भिंतीवर एक पट्टा मारा, सुकू द्या, मग बोट घासा. बोट तांबडं झालं तर डिंक कमी आहे. पट्टा चमकला किंवा तडकला तर डिंक जास्त झालाय, गेरू-पाणी वाढवा. बोट कोरडं राहिलं आणि भिंत मातीसारखी दिसली की जमलं.

दोन हात द्यावे लागतात. पहिला आडवा, तो पूर्ण सुकल्यावर दुसरा उभा. एकदम जाड थर देऊ नका, तो गळतो.

पीठ आणि काडी

तांदूळ तीन-चार तास भिजवा आणि पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये गंधासारखे बारीक वाटा. मग पातळ सुती कापडातून गाळा. कणी राहिली तर काडीतून रेघ तुटते. सिमेंटच्या भिंतीसाठी पिठात डिंकाचं पाणी चमचा-दोन चमचे घाला, जास्त नको.

पीठ किती पातळ हवं ते काडीच सांगते. काडी बुडवून उभी धरली तर थेंब सावकाश पडला पाहिजे. धार लागली तर पीठ पातळ आहे, थेंब पडलाच नाही तर घट्ट आहे.

काडी बांबूची. एक टोक चावून किंवा ठेचून त्याचा कुंचा करायचा. जाड कामाला जाड काडी, बोटं आणि केसांना बारीक. दोन-तीन काड्या तयार ठेवा, एक नरम पडली की दुसरी घ्या.

एक गोष्ट नवख्यांना फसवते. पीठ ओलं असताना फिकट दिसतं, सुकलं की पांढरं उठून येतं. उठत नाही म्हणून लगेच वरून दुसरा हात दिला तर थर जाड होतो आणि पुढे गळतो. आधी सुकू द्या, मग ठरवा.

वाटलेलं पीठ त्याच दिवशी वापरा. दुसऱ्या दिवशी आंबतं, चिकटपणा जातो, वास येतो आणि वासावर झुरळं येतात.

आखणी : नवख्या हातासाठी

जाणत्या बाया पट्टी-दोरी घेत नाहीत, हाताच्या अंदाजावर चौक बरोबर बसवतात. पण शिकणाऱ्या पोरींसाठी आखणी बरी. घराच्या भिंती आणि फरशी नेहमी काटकोनात असतातच असं नाही. म्हणून फरशीवरून मोजू नका, ओळंबा सोडा.

ओळंब्याच्या दोरीवर उभी रेघ आखा. त्या रेघेवर खालच्या कोपऱ्यापासून 3 फुटांवर खूण करा, आडव्या बाजूला 4 फुटांवर खूण करा. दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 फूट भरलं तर कोपरा काटकोनात आहे. गवंडी पाया आखताना हेच करतात. चारही बाजू झाल्या की दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर चौक सरळ आहे.

आता नक्षीचा हिशोब. चौक 4 फुटांचा, म्हणजे बाजू 48 इंच. नक्षीची पट्टी 3 इंचांची ठेवली तर चार कोपऱ्यांत 3 बाय 3 इंचांचे चार छोटे चौकोन आधी सोडा. उरलेल्या प्रत्येक बाजूला 42 इंच राहतात, त्यात 3 इंचांचे 14 त्रिकोण बरोबर बसतात. आत दुसरी पट्टीही 3 इंचांची घेतली तर आतला चौक 36 इंचांचा उरतो. पालघटासाठी एवढी जागा पुरते.

एका टोकापासून काढत निघालं की शेवटी अर्धाच त्रिकोण उरतो आणि तो कसातरी कोंबावा लागतो. म्हणून कोपरे आधी, मग मधली खूण, मग दोन्हीकडून भरत जायचं. आखणीसाठी पेन्सिल वापरू नका, ती पिठातून काळी दिसते. खडू किंवा सुक्या गेरूचा खडा वापरा.

लाइटच्या बोर्डाजवळ ओलं काम करत असाल तर आधी मेन बंद करा. हे सांगायला लागू नये, पण लग्नाच्या गडबडीत विसरतं.

देवाचा चौक वेगळा, शोभेचं चित्र वेगळं

लग्नाचा चौक हा विधी आहे. तो कायम टिकावा अशी अपेक्षाच नसते. वर्षभरात धुराने, हात लागून तो पुसट होतो आणि पुढच्या लग्नाला नवा लिहिला जातो. त्यामुळे चौक गेला याचं वाईट वाटायला नको. तो लिहिणाऱ्या बाया गेल्या आणि नव्या तयार झाल्या नाहीत, हे वाईट. लग्न उरकेपर्यंत आणि पुढचे काही महिने चौक नीट राहावा एवढ्यासाठीच वरची तयारी. कुठे, कधी आणि काय लिहायचं हे घरच्या जाणत्या बाया आणि धवलेरी ठरवतील. डिंक चालेल का, भिंत खरवडलेली चालेल का, तेही त्यांनाच विचारा.

शोभेचं चित्र ही वेगळी गोष्ट. ते विधीतून वेगळं होऊन कागदावर आलं 1970 च्या दशकात. भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले, त्यांनी बायांना आणि पुरुषांना कागद दिले. त्यात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचा हात पुढे आला. तोवर चौक लिहिणं हे बायांचं काम होतं. मशे यांनी शेत, मासेमारी, नाच, मुंग्या, पक्षी, पाड्यावरचं रोजचं जगणं चित्रात आणलं. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 1989 मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं, 2011 मध्ये पद्मश्री असा त्यांचा प्रवास झाला. 2018 मध्ये ते गेले.

शाळा, अंगणवाडी, हॉटेल, घराचा हॉल इथे जे काढतात ते हे शोभेचं चित्र. ते टिकाऊ हवं म्हणून तिथे पिठाऐवजी पांढरा अ‍ॅक्रेलिक रंग वापरणं योग्य. भिंतीला प्राइमर, वर गेरूच्या रंगाचे दोन हात, मग पांढऱ्याने चित्र. ओल नसेल तर वर्षानुवर्षं राहतं. विषय नाचाचा, शेतीचा, लग्नाच्या वरातीचा घ्या. पालघट देवीचा चौक हॉटेलच्या भिंतीवर शोभेला काढणं वारली घरांत बऱ्याच जणांना पटत नाही. गिऱ्हाईकाने मागितला तर त्याला हा फरक समजावून सांगा.

काम घेताना पैशाचं बोलून घ्या

भिंती रंगवायचं काम आता बरंच निघतं. पण मधला माणूस काम घेतो आणि चित्र काढणाऱ्याच्या हाती रोजंदारी पडते, असं होतं. म्हणून सुरुवातीलाच चार गोष्टी ठरवा. दर चौरस फुटावर की दिवसावर. रंग, प्राइमर आणि परांची कुणाची. आगाऊ रक्कम किती. भिंतीत ओल निघाली तर ती दुरुस्त कोण करणार. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं तरी पुढे दाखवायला उपयोगी पडतं. काम सुरू करण्याआधी भिंतीचा फोटो काढून ठेवा, ओलीचा दोष नंतर चित्रकाराच्या माथी येत नाही.

दर काढताना नक्षी किती बारीक आहे ते बघा. रिकामी तांबडी भिंत आणि दाट भरलेली जाळी यांना एकच दर लावला तर तोटा होतो. एक चौरस फूट दाट नक्षीला किती वेळ लागतो ते घरी एकदा घड्याळ लावून मोजा, मग आकडा सांगा.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालेलं आहे. त्याने आपोआप पैसे मिळत नाहीत. ज्याला हे नाव धंद्यात अधिकृतपणे वापरायचं आहे त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. घरच्या भिंतीवर, घरच्या लग्नात चौक लिहायला मात्र कसलीही नोंदणी लागत नाही.

जुनं घर पाडण्याआधी एवढं करा

घरकुल मंजूर झालं की बऱ्याचदा त्याच जागेवरचं कुडाचं घर पाडतात. त्याबरोबर आतल्या भिंतीवरचे जुने चौकही मातीत जातात. प्रत्येक घरची पट्टी थोडी वेगळी, प्रत्येक आजीची पालघट वेगळी. एकदा भिंत पडली की ती परत बघायला मिळत नाही.

मोबाइल आता घरोघरी आहे. दार-खिडकी उघडून दिवसाच्या उजेडात, भिंतीसमोर सरळ उभं राहून एक पूर्ण फोटो काढा. मग चारही कोपरे आणि मधली देवी जवळून घ्या. फ्लॅश मारू नका, पांढऱ्यावर चकाकी येते. शेजारी एक पट्टी किंवा टेप धरली तर माप कळतं. कुणी लिहिला, कुणाच्या लग्नात, हे आजीच्या तोंडून रेकॉर्ड करून ठेवा. मात्र काढण्याआधी घरच्या मोठ्यांना विचारा. देवीचा फोटो स्टेटसला टाकायचा की नाही, हेही त्यांनीच सांगावं.

आणि पुढच्या लग्नात सवाशिणी चौक लिहायला बसल्या की घरातल्या पोरींना पाणी आणायला पळवू नका, शेजारी बसवा. एखादी बाहेरची पट्टी त्यांच्या हाती द्या. रेघ वाकडी गेली तर ओल्या फडक्याने पुसता येते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- लग्नाच्या आठ दिवस आधी थेंब, तळहात, चिकटपट्टी आणि प्लास्टिक या चार तपासण्या करा.
- ओल किंवा लोणा असेल तर आधी तो उपाय, मग रंग.
- नवं घर बांधताना पाच बाय पाच फूट जागा पुट्टीशिवाय खरखरीत सोडायला सांगा.
- गेरूत डिंक बेताचा. बोट घासून खात्री करा.
- पीठ त्याच दिवशी वाटलेलं, गाळलेलं. दुसरा हात सुकल्यावरच.
- कोपरे आधी, मधली नक्षी नंतर.
- विधीच्या चौकाला पीठ, शोभेच्या चित्राला अ‍ॅक्रेलिक.
- जुनी भिंत पाडण्याआधी विचारून फोटो काढा.